वेतन, विद्यावेतन, मानधन : खेड्यातल्या डॉक्टरच्या कराराचा इतिहास

नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सातारा जिल्ह्यात येते. पादुकांना नीरास्नान घडते आणि मुक्काम पडतो तो लोणंदला. हा मुक्काम एके काळी अडीच दिवसांचा असे. कांद्याच्या बाजारासाठी आणि पुणे–मिरज लोहमार्गावरील स्थानकासाठी ओळखले जाणारे हे गाव त्या दिवसांत आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसे सामावून घेते. एवढ्या माणसांचे पिण्याचे पाणी, ताप, जुलाब, पायांचे फोड यांची काळजी कोणी वाहायची, हा प्रश्न निदान इंग्रजी राजवटीइतका जुना आहे. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी आरोग्य अहवालांत पंढरपूर आणि पटकी ही दोन नावे वारंवार शेजारी शेजारी येतात. आज लोणंदला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आणि वारीच्या दिवसांत आरोग्य खात्याची पथके पालखीमार्गावर तैनात असतात.

अशा केंद्रात बसणाऱ्या डॉक्टरचे आणि सरकारचे नाते कोणत्या शब्दांत लिहिले गेले, ते शब्द कसे बदलत गेले आणि डॉक्टरांच्या संघटनांनी त्या शब्दांवर कोणत्या हरकती घेतल्या, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. विषय वैद्यकाचा आणि अर्थखात्याचा वाटेल. पण तो बराचसा भाषेचाही आहे, म्हणून तो साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यास संकोच वाटत नाही.

प्रथम शब्दांकडेच पाहू. ‘पगार’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्यात मोजून देणे आणि मोजून घेणे एवढाच रोखठोक व्यवहार आहे. ‘वेतन’ संस्कृत, आणि म्हणून सरकारी कागदाला शोभणारे. वेतनाला श्रेणी असते, वेतनवाढ असते, आयोग असतो आणि शेवटी निवृत्तिवेतन असते. ‘विद्यावेतन’ म्हटले की घेणारा अजून शिकतो आहे असे गृहीत धरले जाते, मग तो सलग छत्तीस तास अपघात विभागात उभा असला तरी. आणि ‘मानधन’! या शब्दात मानही आहे आणि धनही आहे. प्रत्यक्षात धन कमी पडते तेव्हा मान पुढे करता यावा यासाठीच जणू तो घडवला आहे. व्याख्यात्याला द्यावयाचे पाकीट, कवीला द्यावयाचा नारळ आणि लिफाफा, यांसाठी हा शब्द योग्य होता. एखाद्या माणसाकडून वर्षानुवर्षे रोज काम करून घेऊन महिन्याच्या महिन्याला जे दिले जाते त्याला मानधन म्हणू लागलो, तेव्हा काहीतरी बदलले. तासिका तत्त्वावर महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या वाचकांना हे अधिक फोडून सांगण्याची गरज नाही.

या शब्दांच्या मागे ‘सेवा’ हा आणखी एक शब्द उभा आहे, आणि तो सर्वांत अवघड आहे. लोणंद ज्या खंडाळा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या नायगावी १८३१ साली सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ हडपसरच्या माळावर त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी रुग्णांसाठी दवाखाना उभारला. त्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना प्लेगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. डॉ. यशवंत लष्करी वैद्यकीय नोकरीत होते. रजा काढून ते या कामासाठी आले होते. म्हणजे ज्याला आपण निखळ सेवेचे उदाहरण म्हणून सांगतो, त्याच्या पाठीशीही एक पक्की नोकरी, तिची रजा आणि तिचा करार होता. ही गोष्ट सांगताना आपण सहसा हा तपशील वगळतो. त्यागाच्या कथेत रजेच्या अर्जाला जागा नसते. पण पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत डॉक्टरांनी वेतनाचा विषय काढला की त्यांना ‘सेवाभाव कुठे गेला’ असे विचारले गेले, त्याचे मूळ या वगळण्यात आहे असे मला वाटते.

असो. इंग्रजी अमदानीत मुलकी वैद्यकीय व्यवस्थेच्या शिखरावर इंडियन मेडिकल सर्व्हिस होती, आणि ती मुळात लष्करासाठी उभारलेली होती. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून (स्थापना १८४५) बाहेर पडलेला हिंदी पदवीधर तिच्या खालच्या पायऱ्यांवर राही. त्याच्याही खाली ‘हॉस्पिटल असिस्टंट’ नावाचा वर्ग होता. पुण्यात १८७८ साली निघालेल्या भायरामजी जीजीभाय वैद्यकीय शाळेसारख्या संस्थांतून तो तयार होई. १८८४ च्या लोकल बोर्ड कायद्यानंतर तालुक्याच्या गावी जे दवाखाने वाढले, ते याच वर्गाने चालवले. तालुक्याच्या माणसाने पाहिलेला पहिला इंग्रजी औषधांचा डॉक्टर बहुधा हाच. मुंबईच्या डॉक्टरांनी १८८३ मध्ये ‘बॉम्बे मेडिकल युनियन’ स्थापली आणि मुलकी वैद्यकीय सेवा लष्करी सेवेपासून वेगळी करा, हिंदी डॉक्टरांना वरच्या जागा खुल्या करा, हा आग्रह पुढे लावून धरला. डॉ. के. एन. बहादुरजी यांच्यासारख्यांनी तो राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावरही नेला. ही मागणी न्याय्य होती, पण ती वरच्या पायरीची मागणी होती. तालुक्याच्या दवाखान्यातला हॉस्पिटल असिस्टंट त्या युक्तिवादात क्वचितच दिसतो. डॉक्टरांच्या संघटना आपल्यातल्या वरच्या थराच्या भाषेत बोलतात, ही सवय तेव्हापासूनची आहे.

या व्यवस्थेच्या बाहेर, पण लोणंदवरून जाणाऱ्या त्याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, एक वेगळे उदाहरण उभे राहिले होते. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू केले. मिरज तेव्हा संस्थान होते, आणि रेल्वेचे जंक्शन. गावाला चांगले वैद्यक मिळू शकते, फक्त त्याच्या मागे कोणीतरी पैसा आणि माणसे सातत्याने उभी केली पाहिजेत, हे त्या रुग्णालयाने दाखवून दिले. तो पैसा सरकारचा नव्हता, ही यातली मेख.

सरकारने खेड्यासाठी जो पहिला मोठा उपाय काढला तो मद्रास इलाख्यात, १९२४ मध्ये. डॉक्टरला नोकरीत घ्यायचे नाही. त्याने खेड्यात जाऊन बसावे, गरिबांना फुकट तपासावे, इतरांकडून फी घ्यावी, आणि याबद्दल सरकारने त्याला वार्षिक अनुदान द्यावे. पदवीधराला वर्षाला सहाशे रुपये, लायसेन्शिएटला चारशे. मुंबई इलाख्यानेही पुढे हाच मार्ग धरला, आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे जिल्ह्याजिल्ह्यांत ‘सबसिडाइज्ड मेडिकल प्रॅक्टिशनर’ या लांबलचक नावाची केंद्रे दिसू लागली. त्याच्याही खालची पायरी म्हणजे प्राथमिक शिक्षकाला थोडे प्रशिक्षण देऊन त्याच्या हाती औषधांची पेटी सोपवणे. मराठी वाचकाला या ठिकाणी माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला मास्तर आठवला तर नवल नाही. औंध संस्थानातल्या त्या धनगरांच्या वाडीवर राज्यसंस्था पोचते ती एका पोरसवदा मास्तराच्या रूपाने. खेड्यातला मास्तर, तलाठी, पाटील, पोलीस हे मराठी कथा-कादंबरीत पुष्कळ भेटतात. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर मात्र तसा भेटत नाही. लेखकांचा दोष म्हणावा, तर मुळात तो गावात फारसा नव्हताच, आणि जो होता तो अर्धवट होता. अनुदानावरचा डॉक्टर सरकारचा नाही आणि संपूर्णपणे स्वतःचाही नाही. त्याला बदली नाही, बढती नाही, निवृत्तिवेतन नाही. सरकारला खेड्यात डॉक्टर हवा होता. डॉक्टरचे पद मात्र नको होते. पुढच्या सगळ्या करारांचा साचा मला या योजनेत दिसतो.

हा साचा मोडण्याचा एकमेव मोठा प्रयत्न म्हणजे सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा १९४६ चा अहवाल. या समितीवर कामगार पुढारी ना. म. जोशी होते, याचा उल्लेख मराठीत फारसा होत नाही. तो व्हावयास हवा. देशात सहा हजारांहून अधिक माणसांमागे एक डॉक्टर आणि तोही बहुधा शहरात, हे चित्र समितीने मांडले. तिने सुचवलेला उपाय स्पष्ट होता : खेड्यापर्यंत सरकारी आरोग्य केंद्रे, त्यांत पूर्ण वेळ पगारी डॉक्टर, आणि त्या डॉक्टरला खाजगी व्यवसायाची मुभा नाही. खर्च सरकारने करावयाचा आणि कोणाही रुग्णाला पैशाअभावी परत पाठवावयाचे नाही. त्याच वेळी समितीने लायसेन्शिएटांचा अभ्यासक्रम बंद करून एकाच प्रतीचा, पदवीधर डॉक्टर तयार करावा असे म्हटले. यावर समितीतल्याच काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले : खेड्यात जे जातात ते हेच लायसेन्शिएट, त्यांचा झरा आटवला तर पदवीधर तिकडे जातील कशावरून? १९४६ मध्येच पुण्याची बी. जे. शाळा महाविद्यालय झाली. पदवीधर वाढले. भिन्नमत नोंदवणाऱ्यांची शंका खरी ठरली असे आज म्हणावे लागते. तरीही समितीचा मुख्य विचार चुकला असे मला वाटत नाही. तिच्या शिफारशींपैकी जी स्वस्त होती ती घेतली गेली आणि जी महाग होती ती कपाटात राहिली.

प्राथमिक आरोग्य केंद्रे १९५२ नंतर समूह विकास योजनेबरोबर आली. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाणांच्या काळात १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण दवाखाने त्यांच्याकडे गेले. विकेंद्रीकरणाच्या दृष्टीने हे पाऊल मोठे होते. डॉक्टरच्या दृष्टीने मात्र त्याला दोन मालक मिळाले. नेमणूक राज्य सरकारची, काम जिल्हा परिषदेचे. राजपत्रित अधिकारी म्हणून नाव मोठे, पण गळणारे छप्पर दुरुस्त करायला अधिकार नाही. तीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र हा निकष ठरला. जागा मंजूर झाल्या, आणि मंजूर जागा भरणे हे वेगळेच प्रकरण आहे हे हळूहळू कळू लागले. लोकसेवा आयोगाची निवड वर्षानुवर्षे रेंगाळे. मग जिल्हा पातळीवर तात्पुरती नेमणूक. अकरा महिन्यांचा आदेश, एक दिवसाचा खंड, पुन्हा अकरा महिने. या एका दिवसाच्या खंडावर कोणी तरी एखादी चांगली कथा लिहावयास हवी. त्या दिवशी डॉक्टर केंद्रात असतो, कारण बाळंतपण आदेशाची वाट पाहत नाही. पण कागदावर तो नसतो.

याच काळात शहरातल्या रुग्णालयांत दुसरी हालचाल चालू होती. सत्तरच्या दशकातल्या तरुण डॉक्टरांचा एक गट युवक क्रांती दल, ‘मागोवा’, लोकविज्ञान चळवळ अशा वर्तुळांतून वाढला. कुमार सप्तर्षी आणि अनिल अवचट हे दोघेही बी. जे. मेडिकलचे. डॉ. अरुण लिमये यांचे ‘क्लोरोफॉर्म’ हे पुस्तक याच वातावरणातले. वैद्यकीय धंद्यातल्या गैरप्रकारांवर आतल्या माणसाने इतक्या उघडपणे लिहावे, हे तेव्हा मराठीला नवे होते. १९७४ मध्ये ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ हा देशव्यापी गट सुरू झाला. या मंडळींचे वैशिष्ट्य असे की डॉक्टरांवरचा अन्याय आणि डॉक्टरांकडून होणारा अन्याय या दोन्ही गोष्टी ते एकाच दमात बोलत. पुढे निवासी डॉक्टरांची ‘मार्ड’ ही संघटना महाराष्ट्रात परिचयाची झाली. तिचे संप वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येत राहिले. पण ‘विद्यावेतन’ या शब्दाने निवासी डॉक्टरांची कोंडी केली. वाढ मागितली की ‘तुम्ही विद्यार्थी आहात’ असे उत्तर. काम थांबवले की ‘तुम्ही अत्यावश्यक सेवा आहात’ असे. एकाच माणसाला सकाळी विद्यार्थी आणि संध्याकाळी अत्यावश्यक ठरवणारी ही भाषा कोणत्याही व्याकरणात बसत नाही.

इथे थोडे बाहेर पाहणे उपयोगी ठरेल, कारण डॉक्टरांची संघटना म्हणजे आपोआप लोकहिताची संघटना असे समजण्याचे कारण नाही. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात १९६२ च्या जुलैत डॉक्टरांनी तेवीस दिवस संप केला, तो सार्वत्रिक सरकारी आरोग्य विम्याच्या विरोधात. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होण्यापूर्वी तिथल्या वैद्यक संघटनेने अन्युरिन बेव्हन यांना शेवटपर्यंत झुंजवले. पगारी नोकर होण्यास नकार देऊन सामान्य डॉक्टर स्वतंत्र कंत्राटदार राहिले, आणि नोंदलेल्या दर रुग्णामागे त्यांना पैसे मिळू लागले. पण त्याच संघटनेने १९६५ मध्ये दुसरी बाजू दाखवली. दवाखान्यांची दुर्दशा झाली होती, चांगले काम करणाऱ्याला स्वतःच्या खिशातून खर्च करावा लागे. हजारो डॉक्टरांनी तारीख न घातलेले राजीनामे संघटनेकडे सोपवले. त्यातून १९६६ साली जो नवा करार झाला त्यात डॉक्टरच्या कमाईबरोबर दवाखान्याची जागा आणि मदतनीस यांच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा असे ठरले. परिचारिका आणि मदतनीस ठेवणे डॉक्टरला परवडू लागले. म्हणजे डॉक्टरच्या करारातच दवाखान्याचा निधी लिहिला गेला. आपल्याकडे या दोन गोष्टी निरनिराळ्या धारिकांत राहतात.

आता पुन्हा महाराष्ट्रात येऊ. राज्य सरकारच्या राजपत्रित वैद्यकीय अधिकाऱ्यांची संघटना ‘मॅग्मो’ या लघुनावाने ओळखली जाते. २०१४ च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिने राज्यव्यापी संप केला. सुमारे बारा हजार डॉक्टर त्यात असल्याचे सांगितले गेले. वेतन आयोगाचे लाभ, कामाचे निश्चित तास आणि अनेक वर्षे अस्थायी राहिलेल्या अधिकाऱ्यांना कायम करणे, या मागण्यांत शेवटची मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या अस्थायींत आयुर्वेद पदवीधर बरेच होते. ज्या दुर्गम केंद्रांवर एमबीबीएस डॉक्टर टिकत नव्हता तिथे हेच टिकले होते. १९४६ च्या भिन्नमतात ज्या लायसेन्शिएटाची बाजू मांडली गेली त्याची जागा आता यांनी घेतली होती. सरकारने ‘मेस्मा’चा बडगा उगारला. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्याच कराडचे. त्या वर्षी आषाढी एकादशी ९ जुलैला होती. लोणंदचा मुक्काम उरकून पालख्या पंढरपूरच्या वाटेवर होत्या आणि संप ऐन त्या दिवसांत आला. साहजिकच लोकमत डॉक्टरांच्या बाजूने राहिले नाही. संप मिटला, आश्वासने दिली गेली आणि नंतरच्या वर्षांत शेकडो अस्थायी अधिकारी टप्प्याटप्प्याने सेवेत सामावले गेले.

संघटनेचा हा विजयच म्हणावयाचा. पण त्या संपातली एक उणीव नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वर्तमानपत्रांतून लोकांपर्यंत पोचले ते डॉक्टरांच्या वेतनाचे आणि निवृत्तीचे मुद्दे. केंद्रात औषधे नाहीत, परिचारिकेची जागा रिकामी आहे, रुग्णवाहिकेला चालक नाही, हे जे प्रत्येक वैद्यकीय अधिकारी खाजगीत सांगतो ते मागणीपत्राच्या मध्यभागी आले असते, तर लोणंदच्या बाजारात कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्यालाही हा संप थोडाफार आपला वाटला असता. जनआरोग्य अभियानासारखे गट, डॉ. अनंत फडके यांच्यासारखे कार्यकर्ते ही जोडणी वर्षानुवर्षे सुचवत आले आहेत. संघटनांनी ती क्वचितच मनावर घेतली. आणखी एक अवघड गोष्ट अशी की शासकीय डॉक्टरांपैकी काही जण नियमांना वळसा घालून खाजगी व्यवसाय करत आले, आणि गावाला ते ठाऊक असते. शासकीय शुल्कात एमबीबीएस करून, ग्रामीण सेवेच्या बंधपत्रापोटी दहा लाख रुपये भरून मोकळे होण्याची वाट बरीच वर्षे खुली होती. ती वापरणारेही होते. जो करार पैसे टाकून मोडता येतो तो श्रीमंतांसाठी करार नसतोच.

दरम्यान कराराचा आणखी एक प्रकार येऊन स्थिरावला होता. २००५ मध्ये केंद्राचे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्याने ग्रामीण आरोग्यात पैसा आणला हे नाकारता येत नाही. बाळंतपणासाठी दवाखान्यात येणाऱ्या बायकांची संख्या वाढली ती याच काळात. पण हा पैसा ‘अभियाना’चा होता, आणि अभियान हे व्याख्येनेच तात्पुरते. म्हणून त्यातला डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, सगळे कंत्राटी. आणि त्यांना मिळते ते मानधन. २००६ च्या उमादेवी प्रकरणातल्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना मागच्या दाराने कायम करण्याला चाप लावला. त्या निकालामागचा हेतू, म्हणजे खुल्या स्पर्धेने भरती व्हावी हा, रास्त होता. सरकारांनी मात्र त्याचा अर्धाच भाग उचलला : कायम करणे थांबवले, तात्पुरते नेमणे थांबवले नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यावा आणि राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे म्हटले. महाराष्ट्र, देशातले एक श्रीमंत राज्य, त्या आठ टक्क्यांच्या जवळही गेला नाही. मानधन हा शब्द कुठून येतो याचे उत्तर या आकड्यांत आहे. पद निर्माण केले की पुढच्या तीस वर्षांचा खर्च अंदाजपत्रकात लिहावा लागतो. मानधनाला पुढच्या मार्चपर्यंतचाच विचार पुरतो.

गेल्या काही वर्षांत संघटनांची भाषा थोडी बदललेली दिसते, आणि ही नोंद आनंदाने करावीशी वाटते. जानेवारी २०२३ मध्ये ‘मार्ड’ने जो दोन दिवसांचा संप केला त्यातली एक प्रमुख मागणी वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदे निर्माण करा, अशी होती. आधीच्या काळात विद्यावेतनाची रक्कम मध्यभागी असे. इथे पदे मध्यभागी आली. पद मागणे म्हणजे रुग्णासाठी आणखी एक माणूस मागणे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, आणि औषधखरेदी व रिक्त पदे हे विषय काही दिवस का होईना सर्वांच्या तोंडी आले. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने राष्ट्रीय आरोग्य अभियानात दहा वर्षे पूर्ण केलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना नियमित पदांच्या तीस टक्के जागांवर सामावून घेण्याचा निर्णय काढला. निर्णयाची अंमलबजावणी होईना, तेव्हा १९ ऑगस्ट २०२५ पासून या कर्मचाऱ्यांनी पुन्हा काम थांबवले. हा संप सुमारे महिनाभर चालला. त्यात डॉक्टर होते, परिचारिका होत्या, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ होते. एकाच मागणीपत्राखाली डॉक्टर आणि परिचारिका उभे राहणे ही महाराष्ट्रात सोपी गोष्ट नव्हे. बॉम्बे मेडिकल युनियनच्या काळात तर ती कल्पनेतही नव्हती.

पालखीच्या वाटेने लोणंदनंतर तरडगाव येते आणि मग फलटण. ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या एका तरुण महिला वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मृत्यूने राज्य हादरले. त्या ग्रामीण सेवेच्या बंधपत्राचा काळ पूर्ण करत होत्या आणि तो संपत आला होता, असे बातम्यांत आले. वैद्यकीय अहवालांबाबत आपल्यावर दबाव येतो, अशी लेखी तक्रार त्यांनी वरिष्ठांकडे आधीच केली होती, हेही. गुन्ह्याचा तपास आणि निवाडा हे न्यायव्यवस्थेचे काम आहे. त्याबद्दल इथे काही म्हणणे योग्य नव्हे. निवासी आणि शासकीय डॉक्टरांच्या संघटना त्यानंतर रस्त्यावर उतरल्या, बाह्यरुग्ण विभागांवर बहिष्कार पडला. या वेळच्या निवेदनांत वेतनश्रेणीचा विषय नव्हता. बंधपत्रावरच्या किंवा कंत्राटी डॉक्टरने शवविच्छेदनाच्या वा तंदुरुस्तीच्या दाखल्यावर सही करताना ‘नाही’ म्हटले, तर त्याच्या पाठीशी कोणता नियम, कोणता अधिकारी उभा राहतो, हा प्रश्न होता. कायम पदावरच्या डॉक्टरला निदान बदली मागता येते, खातेनिहाय चौकशी मागता येते, संघटनेचे संरक्षण असते. ज्याचा आदेशच मुदतीचा, त्याला तक्रार करताना आधी मुदत आठवते. बंधपत्राच्या छापील नमुन्यात डॉक्टरने काय करावयाचे, न केल्यास किती रक्कम भरावयाची, हे सविस्तर असते. सरकारने डॉक्टरसाठी काय करावयाचे, राहायला जागा कोणती, रात्रीच्या पाळीत सोबत कोण, तक्रार कोणाकडे आणि किती दिवसांत तिचे उत्तर, यांची कलमे त्यात घालावीत अशी मागणी आता संघटनांनी लेखी करावयास हवी. १९६६ च्या ब्रिटिश करारात दवाखान्याची जागा आणि मदतनीस यांचा खर्च लिहून घेतला गेला होता. लोणंद-फलटणच्या करारात निदान निवासस्थान आणि पाळीला दुसरा माणूस लिहून घेता यावा.